जास्तीचे तीन दिवस

आई कशा आहेत, असं विचारलंत म्हणून सांगते. बसा. तुमच्या कोटाचं अस्तर बसवायला अजून तासभर तरी लागेल, आणि हातात सुई असली तरच मला हे बोलता येतं. मध्येच ‘असं कसं होईल’ म्हणू नका. तेवढं मलाही कळतं.

काम अगदी साधं होतं. आईला दादाकडून माझ्याकडे आणायचं. बाबा गेल्यापासून आमचं ठरलेलंच होतं, वर्षाची पहिली सहामाही दादाकडे आणि दुसरी माझ्याकडे. एक बॅग, औषधांचा डबा, तिची ती दगडासारखी उशी, आणि ती. एरवी दादा तिला कारने आणून सोडायचा, चपला न काढता दारातच पाणी प्यायचा आणि पळायचा. या खेपेला त्याच्या डोक्यात वेगळंच खूळ शिरलं. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनं मोटरहोम घेतलं होतं, आणि ते कोणाला दाखवू नि कोणाला नको असं त्याला झालं होतं. म्हणाला, तूच ये इकडे, आपण सगळे घाटावरून तळ्यापर्यंत जाऊ, दोन दिवस राहू, आणि येताना तुम्हा दोघींना तुझ्या दारात उतरवतो. वहिनी मागून म्हणाली, “वन्सं, नाही म्हणू नका, नाहीतर हे मला एकटीलाच फिरवतील.”

दोन कापडं हातावेगळी केली आणि गेले.

गाडी वाईट नव्हती. पुढे ड्रायव्हरची आणि शेजारची सीट, मागे टेबलाच्या दोन बाजूंना दोन बाकं, मग एका शेगडीचं स्वयंपाकघर, त्यासमोर कपाटाएवढा संडास, आणि अगदी शेवटी आडवा बर्थ. बर्थच्या पुढचा पडदा मी शिवून दिला होता. जाड हिरवं कापड, वर पितळी कड्या, सरकवला की छनछन वाजायचा. चढउतार करायला बाजूला एकच दार. ते उघडलं की खालची पायरी खडखडत बाहेर यायची, आणि गाडी चालू असली तर पुढे लाल दिवा लागून पीप पीप व्हायचं. एवढं नीट ऐकून ठेवा, कारण नंतर सगळ्यांनी मला हेच विचारलं, पोलिसांनीसुद्धा.

हवेचं त्या दिवशी काही खरं नव्हतं. निघालो तेव्हा ऊन असं की सीटवर हात टेकवत नव्हता. तासाभरात वारा सुटला, गाडी बाजूला ढकलायला लागला. मग पाऊस, मग पाऊस कधी पडलाच नव्हता अशा थाटात पुन्हा ऊन. वहिनी म्हणाली, तुमच्या भावासारखंच आहे, घटकेत हसतंय घटकेत फणफणतंय. दादासुद्धा हसला. आई खिडकीला नाक लावून बसली होती, तिला मजा वाटत होती. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, पण पायरीवरून उतरताना कोणी हात दिला तर झिडकारायची.

आता आमच्या घरातली एक सवय सांगायला हवी. बाबा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या हातून एक म्हातारा प्रवासी थांब्यावर मागे राहिला होता. पुढे त्याचं काय झालं ते बाबांनी कधीच सांगितलं नाही. पण तेव्हापासून ते कुठलीही गाडी मोजल्याशिवाय हलवत नसत. आम्ही चौघं कारने कुठे निघालो तरी चावी फिरवायच्या आधी मागे न बघता म्हणायचे, “मोजा.” मग ते एक, आई दोन, दादा तीन, मी चार. आकडा आला नाही तर गाडी जागची हलायची नाही. फक्त एक सवलत होती. कोणी झोपलं असेल तर त्याला उठवायचं नाही, शेजारच्याने बघून त्याचा आकडा म्हणायचा. लहानपणी मी कितीतरी वेळा आईचा ‘दोन’ म्हटलाय, तिच्या आवाजात, आणि बाबा गालातल्या गालात हसायचे. बाबांनंतर दादा ड्रायव्हरच्या सीटवर आला आणि एक झाला. तीन नंबर वहिनीला मिळाला. आईचा दोन तसाच राहिला.

दुपारी जेवायला थांबलो ते घाटाच्या माथ्याजवळ. रस्त्याच्या कडेला गाड्यांसाठी मोकळी जागा होती, पलीकडे दरी. ऊन लख्ख पडलं होतं. घडीच्या खुर्च्या मांडल्या, डबे उघडले. आई संत्रं सोलत बसली. आणि तिथे वहिनीने विषय काढला.

तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. म्हणाली, यापुढे सहा-सहा नको, आठ-चार करू. आठ अर्थात माझे. आता मी एकटी बाई, सकाळी सातपासून मशीनवर बसते, शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे कोट, एकेका दिवसाला दहा-दहा नग. आईसाठी जी खोली आहे तिथे कापडाचे तागे ठेवलेत, त्यांच्यामधून तिचा पलंग कसाबसा बसवलाय. माझं डोकं फिरलं. शब्दाने शब्द वाढत गेला. आणि मग मी ते बोलले, जे बोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आठ राहू द्या, सहातसुद्धा मीच जास्त करते. पहिल्या सहामाहीत फेब्रुवारी येतो. तुमचे भरतात एकशे एक्क्याऐंशी दिवस आणि माझे एकशे चौऱ्याऐंशी. दरवर्षी तीन दिवस मी जास्त ठेवून घेते, कधी तोंडातून शब्द काढलाय?

काढला होता ना. आत्ताच काढला होता.

दादा म्हणाला, तू दिवस मोजत बसतेस? मी म्हटलं, तू महिने मोजतोस ते चालतं? वहिनी म्हणाली, लीप वर्षात दोनच दिवस होतात. असं आमचं चाललं होतं, अगदी मनापासून, आणि जिच्यावरून चाललं होतं ती हातभर अंतरावर संत्र्याच्या शिरा काढत होती. तिने फोड तोंडात टाकली, चघळली, बी हातावर काढली. मग म्हणाली, “ते तीन दिवस मी कुठेतरी काढीन. त्याच्यावरून भांडू नका.”

दादाने उगाच डबा बंद केला. मला तिचा राग आला, खरं सांगते. वाटलं, झालं, आता ही बिचारी आणि आम्ही राक्षस. आई उठली, पडते जरा म्हणाली आणि गाडीकडे गेली. ती पायरी चढताना मी पाहिली नाही. गाडीच्या दिशेने जाताना पाहिली, एवढंच.

पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. दरीतून धुकं वर आलं. येतंय येतंय म्हणेपर्यंत समोरची वहिनी दिसेनाशी झाली. ऊन कोणीतरी बटण दाबून बंद करावं तसं गेलं, अंगावर काटा येईल अशी थंडी पडली, आणि मग टणटण टणटण आवाज यायला लागला. गारा. आम्ही खुर्च्या तशाच ओढत, डबे छातीशी धरून आत घुसलो. दादा ओरडला, दरड आली तर अडकून पडू, निघायला हवं. दार लावलं, कडी घातली. त्याने चावीला हात लावला आणि मागे न बघता म्हणाला, “मोजा.” मग स्वतःच म्हणाला, एक.

मी मागे पाहिलं. पडदा हातभर उघडा होता. बर्थवर आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, तपकिरी ब्लँकेट डोक्यावरून ओढलेलं. खांद्याजवळ ब्लँकेट वर-खाली होत होतं. रुसलीये, म्हटलं मनाशी. माझाही राग उतरला नव्हता, जवळ जाऊन बघावंसं वाटलं नाही.

“दोन,” मी म्हटलं. “झोपलीये.”

तीन, वहिनी म्हणाली. चार, मी म्हटलं. गाडी निघाली.

काचेवर गारांचा मारा, वायपर नुसते कुरकुरत होते. दादा नाक काचेला लावून चालवत होता. मागचा भाग इतका गार पडला की वहिनीने शाल गुंडाळली. वास यायला लागला, ओल्या लोकरीचा, आणि त्याच्या आत आणखी एक, बंद पडलेल्या विहिरीत डोकावलं की येतो तसला. मला वाटलं, भिजलेल्या खुर्च्यांचा असेल. थोड्या वेळाने गारा थांबल्या. वहिनीने गाडी चालू असतानाच चहा केला, कारण तिलाही आतून खात होतं. कप भरला, पडद्यापर्यंत गेली, आणि म्हणाली, आई, चहा. पडद्यातून हात आला आणि कप घेऊन आत गेला. मी पाहिला. सुरकुतलेला, निळ्या शिरांचा हात. आमच्या आईचाच हात होता तो, अजूनही तेच म्हणेन.

वहिनी परत येऊन माझ्या कानाशी म्हणाली, “चहाला नावं नाही ठेवली हो आज.”

खरंच, आई आणि चहाला नावं ठेवणार नाही? कधी साखर कमी, कधी उकळलाच नाही, कधी कपालाच वास. मला जरा बरं वाटलं. मीही उठले, पडद्याजवळ उभी राहिले, आणि आयुष्यात फारशी कधी केली नव्हती ती गोष्ट केली.

“आई,” मी म्हटलं, “मी बोलले ते मनाला लावून घेऊ नकोस.”

“नाही गं,” आतून आवाज आला. “नाही लावून घेत.”

बस्स. आईचाच आवाज, थोडा झोपेतला. आमची आई अशी माफ करणारी नव्हे. ती दोन दिवस बोलली नसती, तिसऱ्या दिवशी भिंतीकडे बघून बोलली असती, आणि पुढच्या वर्षी बरोबर नको त्या माणसासमोर हे प्रकरण उकरून काढलं असतं. पण मी जागेवर येऊन बसले आणि मला हलकं हलकं वाटलं. दादाने आरशातून विचारलं, काय म्हणतेय? म्हटलं, काही नाही, राग नाही तिला. तोही सैल झाला, शीळसुद्धा वाजवायला लागला. अर्धा तास आम्ही तिघं इतक्या गोडीगुलाबीने बोललो की काय सांगू. मागे एक म्हातारी पडली होती जी तक्रार करत नव्हती, रुसत नव्हती, काही मागत नव्हती. अशी आई मिळाली तर बारा महिने ठेवून घेऊ असं माझ्या मनात आलं. आलं होतं, लपवण्यात काय अर्थ आहे?

मग दादाचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर घेतला. कोणीतरी पुरुष होता, मागे वाऱ्याचा आवाज. म्हणाला, घाटातल्या चौकीवरून बोलतोय, रस्त्याचं फाटक सांभाळतो. तुमच्या आई माझ्याजवळ बसल्यात. वर मोकळ्या जागेत धुक्यात उभ्या होत्या, नशीब कड्याकडे गेल्या नाहीत. तुमचा नंबर त्यांनीच सांगितला.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वहिनीने हातानेच खूण केली, बंद करा. तिच्या बहिणीला महिन्यापूर्वीच असा फोन आला होता, तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे म्हणून, आणि मुलगा शेजारच्या खोलीत जेवत होता. दादा म्हणाला, नको त्याच्या नादाला लागू नकोस बाबा, आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांनी परत वाजला. यावेळी बाईचा आवाज आला.

“अरे, मी बोलतेय. मी मागे राहिले रे.”

दादाचा पाय ब्रेकवर गेला, पण त्याने तो काढून घेतला. पुढे उतार होता, वळणावर वळण, आणि पुन्हा गारा सुरू झाल्या होत्या. त्याने वर आरशात पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. पडद्याच्या फटीतून ब्लँकेट दिसत होतं, वर-खाली होत होतं. वहिनी कुजबुजली, हल्ली मशीनवर हुबेहूब आवाज काढतात, पेपरात आलं होतं. दादाने घसा साफ केला.

“हे बघा बाई,” तो म्हणाला, “आमची आई आमच्याबरोबर आहे. मागे झोपलीये. पुन्हा फोन करू नका.”

तिकडे वारा तेवढा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “बरं.”

आणि फोन बंद झाला.

मी तो ‘बरं’ ओळखला. अहो, जन्मभर ऐकलाय. बाबा नवी साडी आणायला विसरले की तो ‘बरं’. दादाने दारातूनच पळायचं म्हटलं की तो ‘बरं’. मी म्हटलं की या रविवारी मला वेळ नाही, की तोच. आवाज बनवणारं मशीन सगळं बनवू शकेल, पण तो शेवटी श्वास सोडून दिलेला ‘बरं’ कुठून आणेल?

“दादा, थांबव,” मी म्हटलं.

“इथे कुठे थांबवू? वळण आहे.”

“थांबव म्हणते ना...”

तो थांबवेना. मग मीच उठले. टेबलाला धरत, शेगडीला धरत मागे गेले. आठच पावलांची वाट. विहिरीचा वास आता इतका दाट झाला होता की घशात बसत होता. पडद्यापाशी, खाली, कप ठेवला होता. मी वाकून पाहिलं. त्यात चहा नव्हता. गारा होत्या, काठोकाठ, एकही वितळलेली नाही.

“आई,” मी म्हटलं. “आई... इकडे तोंड कर ना.”

ब्लँकेटची हालचाल थांबली. वर जाताना जिथे होती तिथेच थांबली, खाली आली नाही. कोणीतरी श्वास धरून ठेवलाय असं. मी पडदा सरकवला. कड्या वाजल्या. खांदा होता, कंबर होती, दुमडलेले गुडघे होते, सगळं ब्लँकेटखाली नीट दिसत होतं. मी खांद्यावर हात ठेवला. गॅस बंद केल्यावर उतू जायला आलेलं दूध जसं बसतं, तसं ते हाताखाली हळूहळू बसत गेलं. खांदा गेला, कंबर गेली, शेवटी गुडघे. मग माझा तळवा गादीला टेकला. गादी ओलीचिंब होती.

मी ओरडले नाही. वहिनी ओरडली, कारण ती माझ्या मागेच उभी होती. दादाने गाडी कशी थांबवली त्यालाच ठाऊक. त्याने दार पाहिलं, कडी आतून लागलेली. संडास उघडला, बाकांखाली पाहिलं, वेड्यासारखं शेगडीखालचं कपाटसुद्धा उघडलं. मग तो खाली बसला आणि मला म्हणाला, “तू दोन म्हणालीस.”

म्हणाले होते.

फोन लावला तर लागेना. गाडी वळवायला जागा मिळेपर्यंत आणखी दोन-तीन किलोमीटर खाली जावं लागलं. परतीच्या त्या तासाभरात आम्ही गारा पाहिल्या, चिखलाचे लोट पाहिले, आणि मग माथ्यापाशी येतो तो काय, ढग फाटलेले आणि पिवळंधमक ऊन पडलेलं. सगळ्या गारा चमकत होत्या. इतकं सुंदर दिसत होतं की मला शिसारी आली. चौकी मोकळ्या जागेपासून थोडी अलीकडेच होती. पत्र्याची खोली, समोर लाल-पांढरं फाटक. मघाशी खाली उतरताना आम्ही तिच्यापुढूनच गेलो होतो.

फाटकवाला बाहेर आला. त्याने आम्हाला नीट बघून घेतलं आणि म्हणाला, अर्धा तास उशीर केलात, त्या गेल्या.

कुठे गेल्या, दादाने विचारलं. तो म्हणाला, फोन ठेवल्यावर बराच वेळ इथेच बसून होत्या. मी म्हटलं, मावशी, परत लावू का. तर म्हणाल्या, नको, त्यांच्याकडे आहे त्यांची आई. मग ऊन पडलं आणि त्या बाई आल्या.

“कोण बाई?” मी विचारलं.

“तुम्हीच पाठवलेल्या ना?” तो म्हणाला. “त्यांच्याच वयाच्या. बहीण असतील, तोंडावळा तर तोच. तपकिरी ब्लँकेट पांघरलेलं होतं, तेच काढून ह्यांच्या अंगावर घातलं.”

दादा गाडीकडे धावला. ब्लँकेट खरंच नव्हतं. आम्ही परत फिरलो तेव्हा ते बर्थवर होतं का, हे आता तिघांपैकी एकालाही आठवत नाही.

मी विचारलं, ती बाई काही बोलली का? फाटकवाला जरा घुटमळला. आमच्यासारख्यांना सांगावं की नाही असं त्याला वाटलं असावं. म्हणाला, त्यांनी हात धरला आणि म्हणाल्या, चल, दमली असशील. तुमच्या आई रडल्या हो. लहान मुलासारख्या रडल्या. मग दोघी पायवाटेने गेल्या, हात धरून. मला वाटलं गाडी तिकडे लावलीये.

ज्या बाईला उतरताना कोणी हात दिलेला चालायचा नाही, ती.

तीन दिवस शोधलं. पोलीस, गावकरी, कुत्री. एक दिवस पाऊस, एक दिवस धुकं, एक दिवस रणरणतं ऊन. पायवाट दोनशे पावलांवर एका सपाट खडकावर संपते, पुढे काही नाही, कडासुद्धा नाही, नुसतं गवत. शोधणारे म्हणाले, इथे माणूस हरवायला जागाच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाने मला घरी सोडलं. दारातच पाणी प्यायला. उशीर होतोय म्हणाला नाही, एवढाच फरक.

चौथ्या दिवशी सकाळी मी ताग्यांच्या खोलीत कापड काढायला गेले. पलंगाची चादर चुरगळलेली होती आणि गरम होती. मी तिथेच जमिनीवर बसले आणि बोटांवर मोजलं. सहामाही सुरू होऊन तीन दिवस झाले होते. कुठेतरी काढले होते तिने.

तेव्हापासून मी सकाळी चहाचा कप दाराशी ठेवते. दुपारपर्यंत तो रिकामा होतो. दिसत काहीच नाही, म्हणजे मी बघत नाही, दार ओढून घेते. कापड लागलं तर बाजारातून नवीन आणते. दादाला फोनवर सांगितलं. मला वाटलं वेड्यात काढेल. तो म्हणाला, तुझ्याकडे रुळलीये तर राहू दे आता तुझ्याकडेच, हिच्या गुडघ्यांचं तर तुला माहीतच आहे. मी फोन ठेवला. हसू की रडू ते कळेना.

तुम्ही म्हणाल, दार उघडून बघत का नाहीस. बघून काय करू? ती आई असेल तर तिच्या पायावर डोकं ठेवायला हवं. आणि ती दुसरी असेल, तर तिला विचारायला हवं की आमची आई कुठे आहे. दोन्हीसाठी तोंड लागतं, ते माझ्याजवळ नाही. म्हणून मी आपली चहा ठेवते आणि मशीनवर येऊन बसते.

पण आज सकाळची गोष्ट वेगळी आहे. कप घेऊन गेले तर आतून बोलणं ऐकू आलं. हळू आवाजात दोघी बोलत होत्या. दोन्ही आवाज आईचे. एक काहीतरी सांगत होती, दुसरी मध्ये मध्ये विचारत होती, मग काय, मग काय. आणि मग एकजण हसली. पोट धरून, श्वास अडकेपर्यंत हसली. माझ्या घरी आई पंधरा वर्षं येत होती. या घरात मी तिला हसताना कधी ऐकलं नव्हतं.

मी कडीला हात लावला. खरंच लावला. तेवढ्यात आतलं हसणं थांबलं, आणि एक आवाज दुसरीला म्हणाला, “हळू... ती बाहेर उभी आहे.”

मी हात काढून घेतला. कप होता तिथे ठेवला, स्वयंपाकघरात आले, आणि आणखी एक कप चहा टाकला.